उघड्या पाठीचे हेडफोन

माझ्या वडिलांना जवळजवळ वर्षभर असं वाटत होतं की आपला आवाज गेला. तो गेलेला नव्हता, आणि हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्यांना तसं वाटू दिलं ते मी. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे ज्या मंडळींविषयी मी वाईट बोलणार आहे त्यांच्यात मीही बसायचो, आणि वाचणाऱ्याने मला त्यांच्याहून बरा समजू नये.

ती मंडळी म्हणजे हेडफोनवाले. गुडगावच्या एका फ्लॅटमध्ये आम्ही रविवारी सकाळी जमायचो. यजमान पंजाबी, टाइल्सचा व्यापार करणारा, घसघशीत हसणारा माणूस. बाकीचे माझ्यासारखे पगारदार, पन्नाशीकडे झुकलेले, ज्यांना स्वतःला गाण्याची एक ओळ सुरात म्हणता येणार नाही असे. बाहेरच्याला वाटे की आम्ही गाणं ऐकायला जमतो. गाण्याशी आमचा फारसा संबंध नव्हता. गिरणी नीट चालते की नाही हे बघायला कुठलंही धान्य चालतं, तसं आम्हाला कुठलंही गाणं चालायचं. एखादी मोठी गायिका जिवाच्या आकांताने वरचा षड्ज लावत असायची, आणि आमच्यातला कोणीतरी ओरडायचा, "आगे करो, आगे करो, वो तबलेवाला हिस्सा लगाओ!" ती बिचारी अर्ध्या तानेत कापली जायची. राग कोणता, हे तिथे एकदाही कोणी विचारल्याचं मला आठवत नाही. मीही विचारलं नाही.

ज्यांना हा नाद नाही त्यांना एक गोष्ट सांगायला हवी. आमचे हेडफोन ओपन-बॅक, म्हणजे उघड्या पाठीचे. कानावरच्या वाटीची बाहेरची बाजू बंद नसते, तिथे नुसती जाळी असते. त्यामुळे आवाज आतल्या आत आपटत नाही, मोकळ्या जागेत बसून ऐकल्यासारखं वाटतं. पण जाळी ती जाळीच. आतलं गाणं बाहेर गळतं आणि बाहेरचं सगळं आत येतं. दिल्लीत, जिथे भाजीवालासुद्धा आपली हाक रेकॉर्ड करून भोंग्यावर लावतो, तिथे असा हेडफोन घेणं म्हणजे मे महिन्यात खिडक्या सताड उघड्या टाकून एसी लावणं. आम्ही तेच करत होतो, आणि वर एकमेकांना दाद देत होतो.

आमच्याकडे प्रामुख्याने तीन होते. त्यांना आम्ही देशांवरून ओळखायचो. जर्मन होता त्याच्या गाद्या मखमली, पण पकड अशी की हेडमास्तरांनी दोन्ही कान एकदम धरलेत असं वाटावं. चष्म्याच्या काड्या कानामागे रुतून तिथे लाल खाचा पडायच्या. त्यात माणसाचा आवाज अगदी जवळ यायचा, मात्र प्रत्येक 'स' सुईसारखा टोचायचा. जपानी वजनाला कापूस. डोक्यावर त्याच्या दोन पंखांसारख्या पट्ट्या टेकायच्या, पण चहाचा कप उचलायला वाकलं की सगळा घसरून नाकावर. त्यात तानपुरा खोलीभर पसरायचा आणि पखवाज पुठ्ठ्याच्या खोक्यावर थापटल्यासारखा वाजायचा. तिसरा चिनी, विटेएवढा जड. खर्ज भरदार, पोटात उतरणारा, पण गाद्या चामड्यासारख्या. दिल्लीच्या जूनमध्ये अर्धं गाणं होईतो कान उकडलेल्या बटाट्यासारखे निघायचे.

एवढंच खरं होतं, आणि ते सांगायला एक सकाळ पुरली असती. आम्ही त्यावर काही वर्षं काढली. जपानीतली 'शांतता जास्त काळी आहे', असं एकजण डोळे मिटून म्हणाला होता आणि आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. बरेच रविवार जपानी जिंकत राहिला. मग यजमानाच्या लक्षात आलं की आवाजाचं बटण एकाच जागी ठेवलं तर जपानी इतरांपेक्षा मोठ्याने वाजतो. ज्याला आम्ही भव्यता म्हणत होतो ते निव्वळ मोठ्याने वाजणं होतं. तिन्हींचा आवाज सारखा करून, डोळे बांधून परीक्षा घ्यायचं ठरलं. तीही फसली, कारण डोळे बांधले तरी कानाच्या पाळीला मखमल कळते आणि मानेला वीट कळते. प्रत्येकाने हेडफोन बरोबर ओळखला आणि आपला कान तयार आहे असा निष्कर्ष काढून प्रत्येकजण खुशीत घरी गेला. त्यात मी सगळ्यात खूश होतो.

आई गेल्यावर वडील आपलं घर बंद करून आमच्याकडे दिल्लीतल्याच द्वारकेला राहायला आले होते. केंद्र सरकारच्या नोकरीत सगळी हयात गेलेली, सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त. पण त्यांची खरी ओळख नोकरीची नव्हती. कोपर्निकस मार्गावरच्या एका जुन्या इमारतीत, मागच्या दालनात, महिन्यातून एकदा दिल्लीतली काही मराठी मंडळी जमून नाटक वाचायची. वेश नाही, हालचाल नाही. अर्धगोलात खुर्च्या, हातात झेरॉक्स आणि ज्याची त्याची भूमिका. तिथे एकच दंडक होता: माइक लावायचा नाही. शेवटच्या रांगेत विणकाम घेऊन बसलेल्या बायकांना ऐकू गेलं तर ते वाचन. वडिलांचं तिथे नाव होतं ते याच एका गोष्टीसाठी. न्यायाधीश, जमादार, संतापलेले सासरे अशा भूमिका त्यांच्याकडे यायच्या, आणि शेवटच्या रांगेतल्या सुया थांबायच्या.

गुडघे दुखत म्हणून ते आपल्या खोलीतूनच हाक मारत. हॉलच्या पलीकडे त्यांची खोली, दार कायम उघडं. मी संध्याकाळी ऑफिसातून येऊन हॉलमधल्या खुर्चीत हेडफोन चढवून बसलो की आतून यायचं, "ऐकतोस का रे? हे वाक्य शेवटी वर नेऊ की खाली सोडू?"

त्यांना बस एक ऐकणारा हवा होता.

मला त्या वाचनाची लाज वाटायची. मला ते सगळं जुनाट वाटे. ओढून लांबवलेली अक्षरं, ठेचून म्हटलेली जोडाक्षरं, वाक्यामागे घेतलेला मोठा श्वास. बायकोपाशी मी म्हणत असे, "बाबा अजून माइक यायच्या आधीच्या जगात आहेत." हेडफोनमध्ये एखाद्या गवयाचा श्वास ऐकू आला की मी तो परत परत लावायचो आणि त्याला 'डिटेल' म्हणायचो. वडिलांचा श्वास मला चेष्टेचा विषय होता.

खोट्याची सुरुवात मी केली नाही, एवढंच म्हणू शकतो. पहिल्याच आठवड्यात बायको त्यांना म्हणाली, "बाबा, ते कानावर असलं ना, की त्याला काही ऐकू येत नाही. सरळ जाऊन खांदा हलवायचा."

"अच्छा," वडील म्हणाले. "आमच्या साहेबांच्या केबिनवर लाल दिवा असायचा. तसं झालं म्हणायचं."

माझ्या कानावर त्या वेळी जर्मन होता. दोघांचं बोलणं मला अक्षर न् अक्षर ऐकू आलं. मी तेव्हा वळून हसलो असतो तर पुढचं काहीच झालं नसतं. मी डोळे मिटून घेतले.

त्यानंतर ती माझी रोजची सोय झाली. दिवसभर ऑफिसात ज्याचं त्याचं ऐकायचं, घरी येऊन एक जाळीची वाटी कानावर ठेवायची आणि बहिरं व्हायचं. वडील हाक मारायचे, थोडं थांबायचे, पुन्हा हाक मारायचे. त्यांचा आवाज गाण्याच्या वरून, किंचित डावीकडून यायचा. मी हलायचो नाही. मान हलू नये म्हणून मी ती खुर्चीच्या पाठीला टेकवून ठेवायचो.

त्यांना उठून यावं लागू नये म्हणून बायकोने बाजारातून एक बिनतारेची घंटी आणली. बटण त्यांच्या उशाशी, घंटी हॉलमध्ये. दाबली की चिमण्या चिवचिवायच्या. चिमण्या वाजल्या की मी हेडफोन काढून उठायचो, कारण घंटी स्वयंपाकघरातही ऐकू जायची आणि न उठण्याचं कारण बायकोला सांगावं लागलं असतं. हे उठणंच मला पुढे महागात पडलं. वडील सरकारी फायलींमध्ये आयुष्य काढलेले. त्यांनी दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. मुलाला घंटी ऐकू येते, मग कान काही पुरते बंद नाहीत. आपली हाक ऐकू येत नाही, म्हणजे दोष हाकेत आहे.

एका संध्याकाळी त्यांनी न्यायाधीशाचं एक वाक्य म्हटलं. मग तेच जरा जोर लावून. मग छातीतून, दालनात म्हणायचे तसं. मग चिमण्या वाजल्या. मी नुकतंच कोणीतरी उठवल्यासारखा चेहरा करून त्यांच्या दारात गेलो.

"काय झालं बाबा?"

"आत्ता मी काही म्हणालो, ते आलं का ऐकू?"

"नाही. काय म्हणालात?"

"काही नाही," ते म्हणाले आणि पुढ्यातले कागद सारखे करू लागले. "जा, तुझं चालू दे."

पुढच्या आठवड्यात त्यांनी घसा तपासायचा हट्ट धरला. बायको मला म्हणाली, "त्यांच्या घशाचं सोड, आधी तुझे कान दाखव." मी हसून टाळलं. डॉक्टरांनी बारीक नळी घालून पाहिलं आणि सांगितलं की सगळं ठीक आहे, या वयात याहून चांगला घसा असत नाही, हवा कोरडी आहे, कोमट पाणी पीत जा. वडिलांचा विश्वास बसेना. "घर में सुनाई नहीं देता किसी को," ते म्हणाले. डॉक्टर माझ्याकडे वळले. "क्यों? आपको इनकी आवाज़ नहीं आती?"

मी शेजारच्या खुर्चीत होतो. वडीलही माझ्याकडे पाहत होते. हो म्हणावं की नाही एवढाच प्रश्न होता.

"कभी-कभी नहीं आती," मी म्हणालो.

बाहेर आल्यावर रिक्षात ते म्हणाले, "डॉक्टर भला माणूस आहे. म्हाताऱ्याला तोंडावर कसं सांगणार?"

त्यांनी त्या रात्रीच न्यायाधीशाची भूमिका परत केली. वाचन बसवणाऱ्या बाईंना फोनवर सांगताना मी ऐकलं, कानावर चिनी असताना: "नाही हो, मला नका देऊ आता. शेवटच्या रांगेपर्यंत जात नाही आवाज. तिकडे माइक नाही, उगाच लोकांची पंचाईत." पलीकडून बहुधा आग्रह होत असावा. "बसेन ना ऐकायला," ते म्हणाले. "पहिल्या रांगेत बसेन."

त्यानंतर घर शांत झालं. ते जेवताना बोलायचे तेही खालच्या आवाजात, आधीच हरल्यासारखं, आणि बोलून झाल्यावर आमच्या चेहऱ्यांकडे बघायचे, पोहोचलं का म्हणून. मला शांत संध्याकाळ मिळाली होती. त्या शांततेत मी जपानीतला तानपुरा जर्मनपेक्षा किती रुंद आहे हे ठरवत बसलो होतो. आपल्याविषयी याहून हलकं काही मला लिहिता येणार नाही.

गुडगावचा टाइल्सवाला एका शनिवारी दुपारी आमच्याकडे आला. त्याने आपल्या चिनीला नव्या गाद्या बसवल्या होत्या आणि माझ्या जुन्या जर्मनशी त्याला ताडून पाहायचं होतं. तो माझ्या खुर्चीत बसला, जर्मन चढवला, गाणं लावलं, डोळे मिटले. मी बाजूला उभा. बायको बाहेर गेली होती.

आतून वडिलांचा आवाज आला. पाहुणा आल्याची चाहूल लागल्यामुळे त्यांनी सवयीने हाक मारली असावी, फार जोर न लावता. "अरे, चाय पूछी क्या उनसे?"

टाइल्सवाल्याने डोळे उघडले नाहीत, हेडफोनही काढला नाही. "ले लूँगा अंकल!" तो मोठ्याने म्हणाला. "चीनी कम!"

आत पलंग करकरला.

"क्या दमदार आवाज़ है यार," तो मला म्हणाला. "गाने को चीर के आई." आणि मग, आमच्या जातीच्या माणसाने जे करावं तेच त्याने केलं. त्याला गंमत सुचली. "अंकल! एक बार फिर बोलिए ना, कुछ भी! लीकेज चेक करनी है!"

 मग आतून, सावकाश, वडील म्हणाले, "चाय. कम चीनी."

"वाह! एक बार और!" त्याने जर्मन काढून चिनी चढवला. वडिलांनी तेच पुन्हा म्हटलं. मग जपानी. पुन्हा तेच. तिन्ही वेळा तो मान डोलावत होता. माझ्याकडे बघून त्याने निकाल दिला: "जर्मन में थोड़ी पतली है, चाइनीज़ में थोड़ी दबी हुई. जापानी में तो अंकल बिल्कुल सामने बैठे हैं, भाई. तूने बताया नहीं कि घर में इतना बढ़िया टेस्ट ट्रैक रखा है!"

वडील भिंत धरत दारात येऊन उभे राहिले होते. त्यांनी पाहुण्याकडे बघून नमस्कार केला. माझ्याकडे पाहिलं नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला आणि तो उतू जाईपर्यंत तिथेच उभा राहिलो.

टाइल्सवाला चहा पिऊन, वडिलांच्या पाया पडून गेला. मी दार लावून वळलो तेव्हा वडील माझ्या खुर्चीत बसले होते, मांडीवर जर्मन घेऊन. जाळीवरून अंगठा फिरवत होते.

"हे असंच असतं?" त्यांनी विचारलं. "मागून उघडं?"

"हो."

"सगळेच?"

"माझे सगळे."

"मग घंटी कशाला आणली रे?"

 त्यांनी हेडफोन डोक्यावर चढवला. उलटा, डावी बाजू उजव्या कानावर. त्यांचं टक्कल गुळगुळीत, पकड एवढी घट्ट असूनही तो मागे सरकत होता. चष्मा काढून त्यांनी हातात धरला.

"लाव काहीतरी," ते म्हणाले. "तू ऐकतोस तेवढ्या आवाजात लाव. कमी करू नकोस."

मी लावलं. गाणं सुरू झाल्यावर त्यांच्या भुवया वर गेल्या. थोडा वेळ ते खरंच ऐकत राहिले. मग म्हणाले, "आता माझ्या खोलीत जा. माझ्या पलंगावर बस. मी बसतो तिथे. आणि बोल."

"काय बोलू?"

"ते तू ठरव. ओरडू नकोस पण. साधं बोल."

मी गेलो. त्यांच्या पलंगावर, उशाशी बसलो. तिथून उघड्या दारातून माझी खुर्ची सरळ दिसते हे मला तोवर माहीत नव्हतं. खुर्चीत पाठमोरं डोकं, त्यावर काळी पट्टी. कित्येक संध्याकाळी त्यांनी हेच बघत हाका मारल्या होत्या. हॉलमधून, हेडफोनच्या जाळीतून, गाण्याची बारीक गुणगुण इथपर्यंत येत होती.

"बाबा," मी म्हणालो.

"हं," ते वळले नाहीत. "येतंय. पुढे बोल."

 माझा आवाज फार लहान निघाला, पण मी तो मोठा केला नाही.

"मला ऐकू यायचं, बाबा. रोज यायचं. ते न्यायाधीशाचं वाक्य तिन्ही वेळा आलं होतं. डॉक्टरांपुढे मी खोटं बोललो. तुमच्या आवाजाला काही झालेलं नाही, मी मुद्दाम उत्तर देत नव्हतो. माझं चुकलं. मला माफ करा."